पाच माणसांचा ब्युरो : सिंगापूरच्या भ्रष्टाचारविरोधी संस्थेची वाटचाल

ऑक्टोबर १९५१मध्ये सिंगापूरच्या ईशान्येला, पुंगोलच्या किनाऱ्यावरून अफूचा मोठा साठा लुटला गेला. माल सुमारे १,८०० पौंडांचा होता आणि त्या काळच्या भावाने त्याची किंमत चार लाख डॉलर होती. तो चोरट्या मार्गाने आलेला होता. त्या बंदरात अफूच्या एका टोळीने दुसरीचा माल पळवणे नवे नव्हते. पण या वेळी लुटणाऱ्यांत पोलीस खात्याचे तीन गुप्तचर निघाले. सरकारने खास पथक नेमून चौकशी केली, तेव्हा त्यापुढचेही बाहेर आले. अफू आणणारे व्यापारी पोलिसांना नेमाने हप्ते पोचवत होते आणि त्या बदल्यात संरक्षण मिळवत होते. एवढे सगळे उघड होऊनही कारवाई काय झाली? एक सहायक अधीक्षक बडतर्फ झाला आणि दुसऱ्या एका अधिकाऱ्याला निवृत्त करण्यात आले.

या प्रकरणातून जी संस्था जन्मली, ती म्हणजे करप्ट प्रॅक्टिसेस इन्व्हेस्टिगेशन ब्युरो. सिंगापुरात तिला सीपीआयबी म्हणतात. आपण नुसते ब्युरो म्हणू. स्वच्छ कारभाराचा विषय निघाला की आपल्याकडे सिंगापूरचे नाव हमखास निघते, आणि त्याची दोन कारणेही ठरल्यासारखी सांगितली जातात : तिथल्या कडक शिक्षा आणि तिथले भरघोस पगार. ब्युरोचा इतिहास नीट पाहिला तर ही दोन्ही कारणे अपुरी पडतात. या इतिहासात पुन्हा पुन्हा समोर येणारा प्रश्न वेगळाच आहे. चौकशी करणारा माणूस कोणाच्या हाताखाली बसतो आणि त्याचा हात किती वरपर्यंत पोचू दिला जातो, हा तो प्रश्न.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का या वसाहतींचा कारभार १८६७पर्यंत कलकत्त्याहून चालत असे. पुढे त्या थेट ब्रिटिश राजमुकुटाखाली गेल्या, तरी कायद्याचा साचा आपलाच राहिला. तिथली १८७१ची दंडसंहिता १८६०च्या भारतीय दंडसंहितेवरून बेतलेली होती. लोकसेवकाच्या लाचेसंबंधीची कलमे तर क्रमांकासकट तीच. आपल्या पोलीस खात्यातल्या जुन्या मंडळींना कलम १६१ म्हटले की वेगळे काही सांगावे लागत नाही. आपण ती कलमे १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात हलवली. सिंगापूरच्या दंडसंहितेत ती आजही जागच्या जागी आहेत, आणि त्यांतल्या एका कलमाने अगदी अलीकडे मोठे काम केले. त्याकडे पुढे येऊच.

कायदा होता, पण पोलीस खाते आतून पोखरलेले होते. १८७९मध्ये पोलिसांच्या अकार्यक्षमतेची कारणे शोधण्यासाठी आयोग नेमला गेला. युरोपीय इन्स्पेक्टरांपासून मलय आणि भारतीय शिपायांपर्यंत लाचखोरी पसरली असल्याचे त्याला आढळले. १८८६मध्ये जुगाराच्या चौकशीसाठी बसलेल्या आयोगानेही तेच सांगितले. शिपायाचा पगार तुटपुंजा, आणि ज्या जुगारअड्ड्यावर त्याने धाड घालायची त्या अड्ड्याची एका दिवसाची कमाई त्याच्या पगाराच्या कितीतरी पट. ही परिस्थिती अर्धशतकाहून अधिक काळ तशीच चालली. १९३७मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधाचा स्वतंत्र वटहुकूम निघाला आणि एक भ्रष्टाचारविरोधी शाखाही स्थापन झाली. तिथे १७ माणसे होती आणि ती शाखा गुन्हे अन्वेषण विभागाचाच भाग होती. म्हणजे ज्या खात्यात रोग सर्वांत खोल होता, त्या खात्याच्याच एका कोपऱ्यात वैद्य बसवला गेला. खून, दरोडे, टोळीयुद्धे यांच्या तपासातून माणसे उरली तर या शाखेला मिळत. शिवाय वटहुकुमाने दिलेले अधिकार तोकडे होते. वॉरंटशिवाय अटक करता येत नव्हती.

मग युद्ध आले. १९४२ ते १९४५ या जपानी अमलात चलनाची किंमत मातीमोल झाली. पगारावर जगणे अशक्य झाल्यावर सरकारी नोकरही काळ्या बाजाराकडे वळले. इंग्रज परतले, पण टंचाई आणि महागाई हटली नाही. त्या वेळच्या ब्रिटिश मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशनची आद्याक्षरे घेऊन लोक तिला ब्लॅक मार्केट ॲडमिनिस्ट्रेशन म्हणत. पुंगोलची लूट याच वातावरणात झाली. ती अपवाद नव्हती. अपवाद एवढाच की ती लपवता आली नाही.

१९५२मध्ये वसाहत सरकारने निर्णय घेतला की भ्रष्टाचाराचा तपास पोलिसांकडून काढून घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीतल्या एका लहानशा जागेत ब्युरोचे काम सुरू झाले. अधिकारी होते पाच. मला या निर्णयाचे महत्त्व फार मोठे वाटते, कारण तो काळाच्या पुढे होता. हाँगकाँगला हेच शहाणपण यायला १९७४ साल उजाडले, तेही एक वरिष्ठ ब्रिटिश पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना देशाबाहेर निसटला आणि लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. आपल्याकडे १९५७मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात लाचलुचपत प्रतिबंधासाठी स्वतंत्र विभाग झाला खरा, पण त्याचे अधिकारी पोलीस दलातूनच प्रतिनियुक्तीवर येतात आणि तो गृह खात्याच्या अखत्यारीत असतो. सापळा रचणारा फौजदार काही वर्षांनी पुन्हा त्याच दलात, कदाचित त्याच वरिष्ठांच्या हाताखाली जाणार असतो. त्या विभागात प्रामाणिकपणे राबलेल्या माणसांविषयी मनात आदर ठेवूनच हे म्हणतो आहे. रचनेतला हा पेच माणसाच्या चांगुलपणाने सुटत नाही.

अर्थात वेगळे कार्यालय मिळाल्याने सिंगापूरचा प्रश्न लगेच सुटला असे नाही. पहिली सात-आठ वर्षे ब्युरोच्या हाती फारसे लागले नाही. कायदा तोच जुना होता. सरकारी नोकर माहिती देत नसत, आणि सामान्य माणूस तक्रार करायला धजत नसे, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो उद्या आपल्याच गल्लीत गस्तीला येणार हे त्याला ठाऊक होते. फेरीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून, परवाना मागणाऱ्या दुकानदाराकडून कॉफीचे पैसे घेतले जात राहिले.

१९५९मध्ये चित्र बदलले. निवडणुकीच्या तोंडावर त्या वेळच्या शिक्षणमंत्र्यांच्या बँक खात्यात परदेशातून सात-आठ लाख डॉलर आल्याचे विरोधी पीपल्स ॲक्शन पार्टीने उघड केले. मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला आणि या पक्षाने ५१पैकी ४३ जागा जिंकल्या. ली क्वान यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढरा सदरा, पांढरी विजार अशा वेशात शपथ घेतली. वेशाने काही सिद्ध होत नाही. पण त्याच सरकारने वर्षभरात जो कायदा केला, त्याने मात्र पुष्कळ काही सिद्ध केले.

१९६०चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा हा ब्युरोच्या इतिहासातला खरा टप्पा, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जुन्या वटहुकुमात १२ कलमे होती. नव्या कायद्यात ३२ झाली. कमाल शिक्षा पाच वर्षे कैद आणि दहा हजार डॉलर दंड. सरकारी कंत्राटाशी संबंध असेल तर सात वर्षे. पुढे १९८९मध्ये दंडाची मर्यादा एक लाखावर गेली. पण शिक्षेपेक्षा तपासाचे अधिकार महत्त्वाचे ठरले. ब्युरोच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येऊ लागली. संशयिताचीच नव्हे, तर त्याच्या पत्नीची, मुलांची आणि मध्यस्थाची बँक खाती तपासता येऊ लागली. उत्पन्नाशी मेळ न बसणारी मालमत्ता सापडली आणि तिचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर न्यायालय ती गोष्ट पुराव्याला पुष्टी देणारी म्हणून धरू शकत होते. सरकारी नोकराने सरकारशी व्यवहार असलेल्या माणसाकडून पैसे घेतले, तर ती लाच आहे असे आधी गृहीत धरायचे. ती तशी नाही हे दाखवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर. दोषीला घेतलेल्या रकमेइतका जादा दंड भरावा लागणार, म्हणजे तुरुंगातून सुटून आल्यावर लाचेचे पैसे खाण्याची सोय राहणार नव्हती. तक्रारदाराचे नाव न्यायालयातही उघड करायचे नाही, हेही कायद्यातच लिहिले गेले.

दोन कलमे मला विशेष वाटतात. पैसे घेतले पण काम केले नाही, किंवा काम करण्याचा अधिकारच नव्हता, तरी गुन्हा घडला असे या कायद्याने म्हटले. आपल्याकडचा कोणताही वकील सांगेल की काम त्याच्या अखत्यारीत नव्हते या बचावावर किती खटले अडखळतात. दुसरे कलम रूढीविषयीचे. चिनी समाजात सणासुदीला लाल पाकिटातून पैसे देण्याची जुनी चाल आहे, आणि प्रत्येक धंद्यात ठरलेले देणेघेणे असते. अमुक धंद्यात असे देण्याची पद्धतच आहे हा पुरावा न्यायालयात चालणार नाही, असे कायद्याने स्पष्ट बजावले. दिवाळीची पाकिटे पाहिलेल्या आपल्या वाचकांना या कलमाची धार वेगळी समजावून सांगायला नको.

कायदा हाती आल्यावर ब्युरोने कामाचा वेग वाढवला. सगळ्यांवर खटला टिकेल एवढा पुरावा मिळत नसे. तिथे खातेनिहाय चौकशीतून बडतर्फी झाली, आणि पुष्कळ जण चौकशीची पावले ओळखून आपणहून नोकरी सोडून गेले. त्यानंतर कुठे लोक तक्रार घेऊन येऊ लागले.

इथे पगाराचा मुद्दा येतो. चांगला पगार दिला म्हणून सिंगापूर सुधारले, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. क्रम उलटा आहे. १९५९मध्ये नव्या सरकारची तिजोरी रिकामी होती आणि त्याने आल्या आल्या सरकारी नोकरांचे भत्ते कापले. साफसफाईची अवघड सुरुवात या कापलेल्या पगारातच झाली. पगारवाढ आली ती १९७०च्या दशकापासून, देशाची कमाई वाढल्यावर. तेव्हा चिंता लाचेइतकीच, हुशार माणसे खासगी कंपन्यांत निघून जात होती याचीही होती. १९९४मध्ये मंत्र्यांचे आणि वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांचे वेतन खासगी क्षेत्रातल्या अव्वल कमाईशी जोडले गेले. त्यावर इतका रोष झाला की २०१२मध्ये ते बरेच कमी करावे लागले. तरीही मंत्र्याचे वार्षिक वेतन सुमारे अकरा लाख डॉलर राहिले. पोट भरेल एवढा पगार शिपायाला मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पगाराने लाच थांबते हे या इतिहासातून निघत नाही. पुढची प्रकरणे पाहिली तर उलटेच दिसते, कारण त्यांतल्या कोणालाही पोटाची भ्रांत नव्हती.

ब्युरो आधी महान्यायवादींकडे, मग गृहखात्याकडे असा फिरत राहिला आणि १९७०च्या सुमारास थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाखाली आला. कोणत्याही खात्याचा सचिव किंवा मंत्री त्याच्या आड येऊ शकणार नाही, हा त्यामागचा विचार. त्याची कसोटी मात्र मंत्र्यांपर्यंत पोचल्यावरच लागणार होती.

पहिले मोठे नाव तान किया गान यांचे. ते आधी राष्ट्रीय विकासमंत्री होते. १९६६मध्ये मलेशियन एअरवेजच्या संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी असताना बोईंग विमानांच्या खरेदीत त्यांनी लाभ मिळवण्याचा प्रयत्न केल्याचा ठपका आला. न्यायालयात टिकेल असा पुरावा नव्हता, म्हणून खटला झाला नाही. पंतप्रधान ली यांनी जाहीर निवेदन काढून त्यांची सर्व सरकारी पदे काढून घेतली. या प्रकरणाचे कौतुक होते, पण मला ते पूर्ण पटत नाही. पुरावा नसताना नेत्याच्या निवेदनाने माणूस संपतो, तेव्हा तो नेता प्रामाणिक असला तर ठीक. नसला तर तेच हत्यार विरोधकांवर चालवता येते. सिंगापूरच्या नशिबाने पुढची बहुतेक प्रकरणे न्यायालयात गेली.

१९७५मध्ये पर्यावरण खात्याचे राज्यमंत्री वी तून बून दोषी ठरले. एका बांधकाम व्यावसायिकाकडून त्यांनी कुटुंबासाठी इंडोनेशियाची सहल आणि पाच लाख डॉलरचा बंगला स्वीकारला होता. शेअरबाजारात गुंतवण्यासाठी वडिलांच्या नावावर तीन लाखांची उचलही त्याच माणसाच्या हमीवर मिळवली होती. शिक्षा साडेचार वर्षांची झाली, अपिलात ती दीड वर्षावर आली. १९७९मध्ये कामगार संघटनांचे सर्वांत वजनदार नेते आणि सत्ताधारी पक्षाचे खासदार फे यू कोक यांच्यावर संघटनेच्या निधीच्या अपहाराचे आरोप ठेवले गेले. ते जामिनावर असताना पळाले. पस्तीस वर्षांनी, २०१५मध्ये, ते बँकॉकमधल्या सिंगापूरच्या दूतावासात स्वतःहून हजर झाले. खटल्याची फाईल उघडीच होती. त्यांना पाच वर्षांची कैद झाली.

या सगळ्यांत जड प्रकरण १९८६चे. तेह चिआंग वान हे राष्ट्रीय विकासमंत्री, त्याआधी सरकारी घरबांधणीच्या कामात नाव मिळवलेले, ली यांचे जवळचे सहकारी. १९८१ आणि १९८२मध्ये त्यांनी चार-चार लाख डॉलर अशा दोन रकमा घेतल्याचा आरोप पुढे आला. एक प्रकरण जमिनीचा काही भाग सरकारी संपादनातून वाचवण्याचे, दुसरे सरकारी जमीन मिळवून देण्याचे. ब्युरोने पंतप्रधानांकडे उघड तपासाची परवानगी मागितली आणि ती मिळाली. तेह यांनी आरोप नाकारले, नंतर पंतप्रधानांना भेटण्याची इच्छा कळवली. ली यांनी निरोप दिला की तपास संपेपर्यंत भेट होणार नाही. १४ डिसेंबर १९८६ रोजी तेह यांनी आत्महत्या केली. पुढे जानेवारीत संसदेत सर्व हकीकत सांगितली गेली आणि चौकशी आयोगही नेमला गेला.

एका माणसाच्या मृत्यूवर संस्थेचे यश उभे करणे मला रुचत नाही. त्या कुटुंबावर जे ओढवले ते भयंकर होते. तरीही त्या न झालेल्या भेटीची नोंद इतिहासात राहिली पाहिजे. आपण सगळ्यांनी पाहिले आहे की चौकशी रंगात आली की वरून फोन येतो, बदली होते, फाईल मागवून घेतली जाते. इथे सरकारातला सर्वांत बलवान माणूस आपल्या जुन्या सहकाऱ्याला भेटला नाही, आणि त्याने तपास रोखला नाही. ब्युरोची जरब त्यानंतर जी बसली ती कायद्याच्या बत्तीस कलमांनी बसली नसती.

पण हीच या रचनेची दुखरी जागाही आहे. सगळे पंतप्रधानांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहिले, तर पंतप्रधानच वाकडा निघाला तेव्हा काय? यावर १९९१मध्ये घटनेत तरतूद झाली. लोकनियुक्त राष्ट्राध्यक्षपद निर्माण करताना कलम २२जी घातले गेले. त्यानुसार पंतप्रधानांनी तपासाला नकार दिला, तरी राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने ब्युरोचे संचालक तपास पुढे नेऊ शकतात. अशी तरतूद वापरण्याची वेळ येते की नाही यापेक्षा, ती आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असणे मोलाचे. आपल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८मध्ये आलेल्या कलम १७अने अधिकाऱ्याच्या निर्णयासंबंधीच्या प्रकरणात चौकशीआधीच सरकारची मंजुरी आवश्यक केली. खटल्याआधी कलम १९खालची मंजुरी वेगळीच. मंजुरीच्या प्रतीक्षेत वर्षानुवर्षे पडून राहिलेली प्रकरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना २२जीची किंमत कळेल.

गाजलेल्या अटकांच्या आड ब्युरोचे एक शांत काम चालते, ते म्हणजे खात्यांच्या कार्यपद्धती तपासून लाचेच्या फटी बुजवणे. टेबले कमी केली, अर्जाला मुदत घातली, माणसाच्या हातातला निर्णय यंत्रावर टाकला की चिरीमिरीला जागा उरत नाही. १९८९मध्ये आयात-निर्यातीची कागदपत्रे ट्रेडनेट या संगणकीय व्यवस्थेवर गेली, आणि बंदरावर कागद पुढे सरकवण्यासाठी कोणाला भेटण्याची गरजच संपली. पोलिसांसह सर्व सरकारी नोकरांना दरवर्षी मालमत्तेचे आणि गुंतवणुकीचे विवरण द्यावे लागते. आपण कर्जबाजारी नाही असेही लिहून द्यावे लागते. तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त विनातारण कर्ज म्हणजे धोक्याची खूण. ज्याच्याशी कामाचा संबंध येतो त्याच्याकडून उसने घ्यायचे नाही. नाकारता न आलेली भेटवस्तू कार्यालयात जमा करायची, आणि हवीच असेल तर किंमत भरून घ्यायची. कर्जाचा हा नियम मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो. लाच मागणारा पोलीस बहुतेक वेळा आधी सावकाराच्या दारात गेलेला असतो.

हा धडा ब्युरोला स्वतःच्या घरातही मिळाला. २०१३मध्ये ब्युरोच्याच एका सहायक संचालकावर २००८ ते २०१२ या काळात सुमारे १७ लाख ६० हजार डॉलर हडप केल्याचा खटला झाला. त्यातली बरीच रक्कम जुगारात गेली होती. २०१४मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी, २०१२मध्ये, नागरी संरक्षण दलाच्या आणि अमली पदार्थविरोधी खात्याच्या प्रमुखांवर खटले भरले गेले होते. एक दोषी ठरला, दुसरा निर्दोष सुटला. निर्दोष सुटकेचीही नोंद इथे मुद्दाम करतो, कारण न्यायालय ब्युरोच्या शब्दावर नुसता शिक्का मारत नाही हे त्यातून दिसते.

सगळाच हिशेब समाधानाचा नाही. केपेल या मोठ्या जहाजबांधणी समूहातल्या कंपनीने ब्राझीलमध्ये सुमारे साडेपाच कोटी अमेरिकी डॉलरची लाच दिल्याचे २०१७मध्ये मान्य केले आणि अमेरिका, ब्राझील, सिंगापूर यांना मिळून ४२ कोटींहून अधिक दंड भरला. पण २०२३मध्ये सिंगापुरात सहा माजी अधिकाऱ्यांना फक्त कडक ताकीद देऊन सोडण्यात आले. परदेशातले साक्षीदार आणि पुरावे आणता येत नाहीत, हे ब्युरोचे कारण होते. एका डॉलरची लाच घेणाऱ्याला न्यायालयात उभे करणाऱ्या संस्थेकडून हे कारण ऐकून तिथल्या संसदेतही प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले जाणे योग्यच होते. तिथे आपल्यासारखा माहिती अधिकाराचा कायदा नाही. महाराष्ट्राने २००२मध्ये आणि देशाने २००५मध्ये तो हक्क मिळवला. गावोगावच्या साध्या माणसांनी त्याचा वापर करून धान्यापासून जमिनीपर्यंतचे घोटाळे उघडे केले. सिंगापूरच्या नागरिकाला ते साधन नाही. बलवान ब्युरो आणि माहितीचा हक्क या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी असाव्यात, असे मला मनापासून वाटते.

अलीकडचे सर्वांत मोठे प्रकरण तत्कालीन वाहतूकमंत्री एस. ईश्वरन यांचे. वेगळ्या एका प्रकरणाचा तपास करताना ब्युरोच्या हाती एका खासगी विमानाच्या प्रवाशांची यादी लागली आणि त्यात मंत्र्यांचे नाव दिसले. ५ जुलै २०२३ रोजी संचालकांनी तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांना कळवून संमती मागितली, दुसऱ्या दिवशी ती मिळाली, ११ जुलैला अटक झाली. शेवटी ज्या आरोपांवर ईश्वरन यांनी गुन्हा कबूल केला, त्यातले चार दंडसंहितेच्या कलम १६५खालचे होते : कामाचा संबंध असलेल्या माणसाकडून लोकसेवकाने मौल्यवान वस्तू घेणे. कलकत्त्याच्या कायद्यातून आलेले हेच ते जुने कलम. फॉर्म्युला वन शर्यतीची, नाटकांची, फुटबॉल सामन्यांची तिकिटे, विमानप्रवास, मद्य, सायकल. सर्व आरोप मिळून या भेटींचे मोल चार लाख डॉलरच्या वर जात होते. सरकारी पक्षाने सहा ते सात महिन्यांची कैद मागितली होती; ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायाधीशांनी बारा महिने दिली. वी तून बून यांच्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी एखादा मंत्री भ्रष्टाचारविरोधी तपासातून तुरुंगात गेला होता. त्याच वर्षीच्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या निर्देशांकात सिंगापूर ८४ गुणांसह जगात तिसरे होते.

लहान देश आहे म्हणून जमले, असे पुष्कळदा ऐकू येते. बृहन्मुंबईपेक्षा जरासाच मोठा मुलूख, साठ लाखांची वस्ती. लक्ष ठेवणे सोपे. पण १९५१मध्येही तो मुलूख लहानच होता, आणि तेव्हा पोलीसच अफू लुटत होते. लहान देशात उलट सगळे सगळ्यांना ओळखतात. मंत्री, कंत्राटदार, पोलीसप्रमुख एकाच शाळेत शिकलेले, एकाच क्लबात जेवणारे असतात. ईश्वरन यांना भेटी देणारे त्यांचे मित्रच होते. अशा ठिकाणी मैत्री कुठे संपते आणि देणेघेणे कुठे सुरू होते हे ठरवणे अधिक कठीण.

मंत्र्याचा खटला गाजतो, रोजचे काम मात्र वेगळे आहे. आज ब्युरोचे मुख्यालय लेंगकोक बाहरू इथे आहे. २०१७पासून व्हिटली रोडवर तक्रार नोंदवण्याचे खुले केंद्र आणि संस्थेच्या इतिहासाचे दालनही आहे. २०२३मध्ये ब्युरोकडे भ्रष्टाचाराच्या २१५ तक्रारी आल्या आणि ८१ प्रकरणे तपासाला घेतली गेली. त्यांत सरकारी नोकरांची संख्या थोडी. बहुसंख्य प्रकरणे खासगी कंपन्यांतली. कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने पुरवठादाराकडून कमिशन खाणे हाही तिथे लाचेचाच गुन्हा आहे. २०१८मध्ये कंटेनरच्या एका आगारातल्या दोन फोर्कलिफ्ट चालकांवर खटला भरला गेला. ट्रकवाल्यांचा कंटेनर उशीर न करता उचलून देण्यासाठी ते प्रत्येकाकडून थोडे थोडे पैसे घेत होते, बहुतेकदा एक डॉलर. ब्युरोने जाहीर केले की रक्कम किती लहान आहे याने फरक पडत नाही. बंदरावर रोज हजारो कंटेनर हलतात, आणि प्रत्येकामागे एक डॉलर द्यायची सवय एकदा लागली की ती त्या आगारापुरती राहत नाही.